बेटावरची दावण

पोळा झाला, गौरी-गणपती उठले, घट बसायला आले, तरी पाऊस काही उघडीप देईना. बेटावर चिखल आणि शेण यांत फरकच राहिला नव्हता. सुकन्या पहाटे टोपलं घेऊन दावणीला बसायची, हाताला लागेल ते ओंजळीनं भरायची आणि उकिरड्यावर नेऊन टाकायची. उकिरडासुद्धा आता एका जागी राहत नव्हता. पावसानं घसरून तो पुन्हा दावणीकडंच यायचा. तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. झोपताना ती बेचक्यांत हळद आणि तेल भरायची, आणि सकाळी उठून तेच पाय पुन्हा चिखलात घालायची.

बेट म्हणजे जुनं हंगरगा. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि लोक पलीकडच्या काठावर नव्या गावठाणात राहायला गेले. टेकाडावरचा मठ आणि त्याभोवतीची जमीन तेवढी वर राहिली. उन्हाळ्यात एका अंगाचं पाणी आटून चालायला वाट निघायची. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी. या जागेत उदगीरच्या व्यापाऱ्यांनी गोशाळा काढली आणि मठाची दिवाबत्ती करणारा मलप्पा गाईंचंही बघू लागला. सुकन्या त्याची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा दावणीला आठ-दहा गाई होत्या. आता पत्र्याच्या दोन शेडांत जनावरं मावत नव्हती. म्हातारे बैल, भाकड गाई, लंगडी, लम्पीच्या गाठींनी अंग भरलेली; बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही ते जनावर बेटावर यायचं. नवरा महांतेश लातूरच्या आडत बाजारात टेम्पो चालवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, आणि प्रत्येक वेळी जाताना म्हणायचा, "चल आता." ती म्हणायची, "मामाचं कोण बघंल?" मग तो एकटाच जायचा.

"मामा, ही उठंना," सुकन्या म्हणाली.

मलप्पा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मठातून उतरला. कपाळावरचा भस्माचा पट्टा पावसानं ओघळून भुवईत गेला होता. त्यानं वाकून गाईच्या कानाला हात लावला.

"गार लागायलाय कान. कवापसून पडलीय?"

"मी आले तवा अशीच होती."

"वर न्यावं लागंल. इथं चिखलात राहिली तर संपली."

दोघांनी गाईच्या अंगाखाली ताडपत्री सारली आणि ओढायला सुरुवात केली. चार हात ओढायचं, थांबायचं, दम खायचा. मलप्पाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा सुकन्या म्हणाली, "तुमी सोडा मामा, मी ओढते." त्यानं सोडलं नाही. मठाच्या ओवरीत आधीच पाच-सहा जनावरं पडून होती. त्यांच्याशेजारी हिला टेकवली, पोटाखाली पोतं घातलं आणि कूस बदलली. खालच्या अंगाची कातडी गेली होती, आणि जखमेत किडे वळवळत होते. सुकन्यानं डांबरगोळीची पूड दाबून भरली. गाय नुसती डोळे मिटून राहिली.

खरी पंचाईत वैरणीची होती. कडब्याची गंजी वरून झाकली होती तरी पाणी आत गेलं होतं. पोटात हात घातला की गरम वाफ हाताला लागायची. वरची पेंढी ओली, मधली काळी, खालची कुजून गेलेली. काळी पेंढी घातली तर जनावरांची पोटं फुगायची, नाही घातली तर ती रिकाम्या गव्हाणीत तोंडं घालून हंबरायची. सुकन्या मठाच्या पायरीवर गेली, कारण फोनला रेंज तिथंच यायची, आणि उदगीरला वीरण्णाअप्पांना फोन लावला. गोशाळेचा कारभार त्यांच्याकडं होता. स्वभावानं माणूस वाईट नव्हता. पण बेटावर पावसाळ्यात तो कधी आला नव्हता.

"अप्पा, वैरण संपलीय. एक गाडी तरी पाठवा."

"अगं, पुलावरून पाणी चाललंय. गाडी येणार कुठून? एवढा पाऊस झालाय, तिकडं हिरवं न्हाई का काही?"

"हिरवं हाय ते पाण्याखाली हाय."

"बरं, बघतो मी. आन ते नवरात्राचं ध्यानात हाय न्हव? गाईंना हार घालून एक व्हिडिओ पाठव. बाहेरगावची मंडळी मागायलीत. जरा धुऊन घे गाई."

"हाव," सुकन्या म्हणाली. फोन ठेवून तिनं खाली शेडकडं पाहिलं. गाई गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या होत्या.

दुपारी तिनं पत्र्याची होडी काढली आणि पलीकडच्या नव्या हंगरग्याला गेली. मधलं पाणी फार रुंद नव्हतं; मोठ्यानं हाक मारली तर पलीकडं ऐकू जायची. पण गेल्या चार दिवसांत ओढ वाढली होती. वल्ह्याला जोर लावून तिचे खांदे भरून आले. काठावर उतरली तर बाभळीला एक पांढरी गाय बांधलेली. गळ्यात नवं कोरं दावं, बरगड्या वर आलेल्या.

शेजारच्या वावरात शेषेराव उभा होता. गावात त्याचा शब्द चालायचा. त्याचं सोयाबीन पाण्यात होतं. एक झाड उपटून तो शेंगा बघत होता.

"दादा, कोणाची हाय ही?"

"मला काय मालूम. कालपसून हाय. आता तुझीच म्हणायची."

"जागा न्हाई दादा. मीच दोन पेंढ्या मागायला आले."

"वैरण हाय कुणाकडं?" शेषेरावनं शेंग फोडून तिच्यापुढं धरली. आत दाण्याला मोड आला होता. "हे बघ. सबंध वावर असंच हाय. माणसाचं काय करावं ते कळंना, आन तू ढोरांचं घेऊन आलीस."

"ढोरं तर गावाचीच हायेत."

शेषेरावनं तिच्याकडं पाहिलं. त्याचाही एक बैल बेटावर होता. देवणी जातीचा, दोन्ही गालांवर काळा, वानेरा म्हणतात तसा. नांगराला पाय मुरगळला, तो नीट झालाच नाही. मग शेषेरावनं ट्रॅक्टर घेतला आणि एके दिवशी बैल याच बाभळीला बांधून गेला. सुकन्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आजही तिच्या मनात तसं काही नव्हतं, पण शेषेरावला ते लागलं.

"तोंड लई चालायलंय तुझं," तो म्हणाला. "आन ती होडी तिथं लावू नको. बाया पाण्याला येत्यात. वास मारतोय."

वास होडीचा म्हणतोय की आपला, ते सुकन्याला कळेना. तिनं मुकाट्यानं होडी पुढं नेऊन लावली. गावात दोन-तीन घरी फिरली. कुणी अर्धी पेंढी दिली, कुणी दारातूनच हात हलवला. परत येताना तिनं बाभळीच्या गाईकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. होडीत बसली, वल्हं हातात घेतलं, आणि मग उतरून दावं सोडलं. गाय होडीमागं पाण्यात उतरली आणि हूं की चूं न करता पोहत आली.

"आणलीस?" मलप्पानं विचारलं.

"आणली."

 त्यानं गव्हाणीपाशी बाकीची जनावरं सरकवून गाईला जागा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याचा फोन आला. वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झालाय, पाणी वाढणार, बेट सोडा. माणसांना न्यायला होडी पाठवतो.

"आन जनावरं?" सुकन्यानं विचारलं.

"बाई, होडी माणसांपुरती हाय. जनावरांचं मी काय सांगू? सोडून द्या त्यास्नी, त्यांचं ते बघतील."

सुकन्यानं महांतेशला फोन केला. तो म्हणाला, "निघालोच." वीरण्णाअप्पांना केला, ते म्हणाले, "तुमी माणसं आधी निघा. बाकी शिवाच्या हातात." मठाच्या खालच्या पायरीला पाणी लागलं होतं. पहाटे ते दावणीच्याही खाली होतं.

"पवत न्यायची," मलप्पा म्हणाला. "गौरव्वा गाय म्होरं असंल तर बाकीची येत्यात. मागल्या दुष्काळाआधी एकदा नेली होती अशीच."

"आन ओवरीतली?"

मलप्पानं ओवरीकडं बघितलं. पडलेली जनावरं आणि त्यांच्यात एक आंधळी गाय, जी चालायची पण पाण्याचा आवाज ऐकला की थरथरायची.

"त्यांच्यापाशी मी हाय."

"मामा, असं करू नका."

"तू ही घेऊन जा. वेळ घालवू नको सुकन्या. ओवरी उंच हाय. माझ्या बापाच्या येळेपसून ओवरीला पाणी लागलं न्हाई."

"बापाच्या येळेला धरण तरी होतं का?"

 तो दावणीला जाऊन दावी सोडायला लागला. ओल्या गाठी सुटत नव्हत्या. विळा घेऊन त्यानं कापल्या.

लातूरकडचा रस्ता चालू होता म्हणून महांतेश दुपारी पलीकडच्या काठाला पोचला आणि तलाठ्यानं पाठवलेल्या होडीतून बेटावर आला. आल्या आल्या बापाशी वाद घातला, हात धरून ओढलं. मलप्पा ओवरीच्या खांबाला धरून बसला. "उचलून नेतोस काय मला?" एवढंच म्हणाला. होडीवाला घाई करत होता, तो रिकामाच परत गेला. शेवटी महांतेशनं अंगातला सदरा काढला आणि सुकन्याबरोबर जनावरं पाण्याकडं हाकायला लागला.

सुकन्या आपल्या पत्र्याच्या होडीत मागं बसली. गौरव्वाचं दावं तिच्या हातात, वल्ही महांतेशकडं. म्हातारी गौरव्वा पाण्याच्या काठाला थबकली, नाक खाली नेऊन तिनं हुंगलं आणि उतरली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. मलप्पा मागून काठी आपटत, "हो हो हो" करत होता. बघता बघता पाण्यावर नुसती शिंगं आणि नाकपुड्या दिसायला लागल्या. फुरफुर आवाज येत होता. मधोमध आल्यावर ओढ लागली आणि सगळा कळप तिरपा व्हायला लागला. गौरव्वाचं दावं सुकन्याच्या तळहातातून सरकत गेलं, कातडी सोलली, पण तिनं सोडलं नाही. एक कालवड बाजूला पडली. तिनं दोनदा मान वर काढली. महांतेशनं होडी तिकडं वळवायला वल्हं घातलं, तेव्हा सुकन्या ओरडली, "न्हाई, सरळ. सरळ चला." होडी वळली असती तर सगळी वळली असती. कालवड तिसऱ्यांदा वर आली नाही.

काठाला लागली तेव्हा गौरव्वाचे पाय थरथर कापत होते. एकेक जनावर वर चढायचं, उभ्या उभ्या पाणी झटकायचं आणि तिथंच मान खाली घालायचं. सुकन्यानं मागं वळून पाहिलं. पलीकडं ओवरीत मलप्पाची पोत्याची खोळ दिसत होती.

आणि पुढं गाव काठ्या घेऊन उभं होतं.

"इथनं वर चढवायची न्हाईत," शेषेराव म्हणाला. "वर वावरं हायेत लोकांची."

"वावरात काय राहिलंय दादा," महांतेश म्हणाला. तो धापा टाकत होता.

"जे राहिलंय ते आमचं हाय. आन लम्पीची ढोरं हायेत ही. गावातल्या जनावरांला लागलं तर जिम्मेदारी कोणाची?"

"बरी झालेली हायेत. डाग राहिलेत नुसते," सुकन्या म्हणाली.

"ते तू सांगणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, पुण्य कमवायला बेट, आणि संकट आलं की गाव. दोघं-तिघं हसले. सुकन्याचं लुगडं अंगाला चिकटलं होतं आणि हातातून रक्त येत होतं. तिला बसावंसं वाटत होतं. भांडायचं तर सोडाच, उभं राहायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

जनावरं काठावर दाटीनं उभी होती. त्यांतून वानेरा बैल पुढं निघाला. एक पाय फरफटत तो माणसांच्या दिशेनं गेला. कुणीतरी काठी उगारली. त्यानं मान जराशी बाजूला घेतली आणि चालत राहिला. माणसं आपोआप सरकली. बैल चढ चढून रस्त्याला लागला, पिठाच्या गिरणीपाशी वळला आणि गल्लीत शिरला. शेषेराव त्याच्यामागं चालायला लागला, मग सुकन्या, मग गाव.

शेषेरावच्या दारात बैल थांबला. अंगणात पूर्वी खुंटा होता त्या जागी आता मोटरसायकल लावलेली होती. बैल तिच्याजवळ जाऊन, भिंतीला अंग लावून उभा राहिला. हँडलला शिंग लागलं तसा आरसा हलला.

घरातून शेषेरावची आई केवळाबाई बाहेर आली. तिला कमी दिसायचं. हात पुढं करत ती बैलापर्यंत गेली, पाठीवरून हात फिरवला, मानेपर्यंत आली आणि शिंगाचं बूड चाचपलं.

"शेषेराव," ती म्हणाली, "तू तर म्हणलास, बेटावर मेला."

शेषेराव उंबऱ्याकडं बघत उभा राहिला. 

"किती हाडकलाय रे," केवळाबाई म्हणाली. "पाणी दाखव त्याला. आन ही गाडी काढ इथनं."

शेषेरावनं मोटरसायकल स्टँडवरून उतरवली आणि ढकलत गल्लीत नेली. ती नीट उभी राहीना. तिसऱ्यांदा स्टँड लागला. मग कुणाकडंच न बघता तो सुकन्याला म्हणाला, "बाजारओट्याच्या शेडात बांधा बाकीची. दोन दिस. त्याच्यावर न्हाई."

ते दोन दिवस पाऊस धो धो पडला. बाजारओट्याच्या पत्र्याखाली जनावरं आणि त्यांच्यात सुकन्या. कुणी भुसकटाचं पोतं आणून टाकलं, कुणी लांबून बघून गेलं. केवळाबाईनं नातीच्या हातून भाकरी आणि कोरड्यास पाठवलं. मलप्पाचा फोन बंद लागत होता. महांतेश सारखा काठावर जाऊन यायचा. पाणी मठाच्या पायऱ्यांवर चढलंय, ओवरीला लागलंय, असं एकेक येऊन सांगायचा. होडी घालायला कुणी तयार नव्हतं, आणि पाणी बघून सुकन्यालाही त्यांना दोष देता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महांतेश तिच्याजवळ पोत्यावर बसला.

"लातूरला मोठी खोली बघितलीय," तो म्हणाला. "बाबासाठी पण जागा हाय. ते…" 

"येते मी," सुकन्या म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ती असं पहिल्यांदा म्हणत होती.

"खरंच म्हणायलीस?"

"हाव. थकले मी आता. ती कालवड डोळ्यापुढनं जाईना. न्हाई होत मला."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि दोघं होडी घेऊन गेले. मलप्पा ओवरीच्या वरच्या कट्ट्यावर बसलेला होता. त्याच्या मांडीला टेकून आंधळी गाय उभी होती. बाकीची ओवरीत पडली होती तिथंच होती. पाणी त्यांच्यावरून गेलं होतं.

"माना वर धरल्या," मलप्पा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "एकीची धरली की दुसरीची खाली जायची. दोनच हात हायेत मला."

"चला बाबा," महांतेश म्हणाला.

"यांना मातीत घालू. मग चल म्हणशील तिथं येतो."

बेटावर यंत्र येणार नव्हतं. टिकाव आणि फावडं घेऊन दोघांनी खड्डा खणला. ओली माती काढावी तशी पुन्हा ढासळायची. दिवस सगळा त्यात गेला. ताडपत्रीवरून एकेकीला ओढून आणलं. मलप्पानं काठावर बसून प्रत्येकीच्या कपाळाला भस्म लावलं. तो आता उठून उभाही राहत नव्हता.  सुकन्यानं फावड्यानं माती लोटली. रडायला येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही.

संथ झालेल्या पाण्यातून आंधळ्या गाईला होडीमागं घालून तिघं हंगरग्याला आले, तेव्हा शेषेराव आणि चार माणसं बाजारओट्यापाशी होती.

"पाणी उतरलंय," शेषेराव म्हणाला. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "कधी न्यायलाव?"

"मी नेणार न्हाई," सुकन्या म्हणाली.

"म्हणजे?"

"बेटावर आता कोणी राहत न्हाई. मामा आमच्याबरोबर लातूरला यायलेत. ही तुमची ढोरं हायेत. हंगरग्याची, हाळदवाडीची, आसपासची. कोणी बाभळीला बांधून गेलं, कोणी रातचं सोडून गेलं. मी कोणाला कधी विचारलं न्हाई. आता विचारत बी न्हाई. ज्याची त्यानं ओळखावी."

"असं कसं सोडून जाशील?" एक जण म्हणाला.

"तुमी गेलात तसंच," सुकन्या म्हणाली. ती भांडत नव्हती. ओट्याच्या कडेला बसून ती पायाच्या बोटांतला चिखल काढत होती.

माणसं पांगली. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारा आला, शेडात दोनदा फेऱ्या मारल्या आणि तांबड्या गाईचं दावं सोडून घेऊन गेला. जाताना तो सुकन्याकडं बघेना. त्याच्यानंतर एक बाई आली, तिनं बाभळीला बांधलेली ती पांढरी गाय ओळखली, तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि म्हणाली, "घरात वैरणच नव्हती बाई." सुकन्या म्हणाली, "जा घेऊन." दिवस मावळेपर्यंत बरीच दावी रिकामी झाली. काहींना मात्र ओळखायला कुणी आलं नाही. ती लांबची होती, किंवा जवळची असून कुणाला ओळखायची नव्हती. गौरव्वा उरली. आंधळी तर कुणाची नव्हतीच.

वीरण्णाअप्पांना सुकन्यानं फोन करून सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मलप्पा कसा हाय?" आणि मग, "पूल मोकळा झाला की गाडी पाठवतो. इथल्या मोठ्या गोशाळेत बोलून ठेवतो." व्हिडिओचं त्यांनी काढलं नाही.

ट्रक आला त्या सकाळी उघडीप होती. महांतेशनं आपला टेम्पो बाजारओट्याच्या मागं लावला होता. त्यात भांडी, वळकट्या, मठातला लिंगाचा फोटो. मलप्पाला पुढच्या सीटवर बसवलं होतं. तो काचेतून पाण्याकडं बघत नव्हता, डोळे मिटून बसला होता. केवळाबाईनं शेषेरावच्या हातून वाटेसाठी भाकऱ्या पाठवल्या. त्या देताना शेषेराव म्हणाला, "वानेरा खायला लागलाय. पाय तसाच हाय, पण खातोय."

"बरं झालं दादा," सुकन्या म्हणाली.

ट्रकात फळी टाकून जनावरं चढवली. आंधळी चढेना. पुढून ओढली, मागून लोटली. फळीचा आवाज झाला की ती मागं सरायची. सुकन्या वर चढली, तिनं गाईच्या कानाजवळ तोंड नेऊन "ये ये ये" केलं, तशी ती एकेक पाऊल टाकत वर आली. पण सुकन्या उतरायला निघाली की तिचे पाय लटपटायला लागायचे.

"ही वाटेत पडंल," ड्रायव्हर म्हणाला. "पडली की बाकीची तुडवत्यात. मागं कोणीतरी पायजे. आमच्यातलं कोणी बसणार न्हाई, आधीच सांगतो."

महांतेश टेम्पोच्या दाराशी उभा होता. सुकन्यानं वरून त्याच्याकडं पाहिलं.

"तुमी मामाला घेऊन व्हा म्होरं," ती म्हणाली. "मी हिला उदगीरला उतरवते आन एसटीनं लातूरला येते."

"येशील न्हव?"

"येते की. आता कुठं जाणार मी."

 महांतेशनं सीटमागचा कोरडा टॉवेल काढला आणि तिच्याकडं वर टाकला. सोललेल्या हाताला तिनं तो गुंडाळला.

ड्रायव्हरनं मागची फळी लावून साखळी अडकवली. ट्रक निघाला, खड्ड्यातून गेला तशी सगळी जनावरं एका अंगाला कलली आणि पुन्हा सावरली. आंधळीनं मान सुकन्याच्या खांद्यावर टाकली. ओझं फार होतं. रस्ता उदगीरपर्यंत असाच होता आणि बसायला कुठं जागा नव्हती. सुकन्यानं पाय फाकवून टेकवले, दुसऱ्या हातानं वरचा लोखंडी पाइप धरला आणि उभी राहिली.